तेच पाणी, दोनदा

हंगेरीत आडनाव आधी लावतात आणि नाव मागून. जगाच्या पुस्तकांत दोनात बांकी असं छापलेला यंत्र-अभियंता त्याच्या देशात बांकी दोनात असतो. या आडनावात मराठी वाचकाला ओळखीचं काही सापडेल. आपल्याकडे गावाच्या नावाला ‘कर’ लागतो, तसा तिकडे ‘इ’ लागतो. बाकोनी डोंगरांतलं बांक हे लहानसं गाव, तिथला तो बांकी. आपल्याकडे जन्मला असता तर बांककर झाला असता. घराण्याचं मूळ आडनाव लोविंगर, वडील डॉक्टर, जन्म ६ जून १८५९ चा. बुडापेस्टच्या तांत्रिक विद्यापीठात शिक्षण, १८८२ पासून गांझ कारखान्यात नोकरी आणि १८९९ मध्ये त्याच विद्यापीठात प्राध्यापक. १ ऑगस्ट १९२२ ला मृत्यू आला तेव्हा ते शिकवतच होते.

सतरा वर्षं कारखाना, तेवीस वर्षं वर्ग. मला हा हिशेब महत्त्वाचा वाटतो, कारण बांकी यांचं नाव सहसा पहिल्या सतरा वर्षांतल्या कार्बोरेटरसाठी, म्हणजे इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागासाठी, घेतलं जातं. त्यांचं सगळ्यात टिकाऊ काम, पाण्याच्या धारेने फिरणारं एक चाक म्हणजे टर्बाइन, नंतरच्या तेवीस वर्षांतलं आहे, आणि ते तसं घडलं याचं कारण ते शिक्षक झाले होते.

पण सुरुवात कार्बोरेटरपासूनच करायला हवी.

गांझ हा मुळात ओतकामाचा कारखाना. आब्राहाम गांझ या स्विस माणसाने उभा केलेला, रेल्वेच्या कठीण पृष्ठभागाच्या बिडाच्या चाकांवर मोठा झालेला. बांकी तिथे पोचले त्या दशकात त्याच कारखान्याच्या विद्युत विभागात ब्लाथी, देरी आणि झिपेर्नोव्स्की हे तिघं ट्रान्सफॉर्मर घडवत होते. १८८५ चा तो शोध. बांकी यांच्या वाट्याला गॅस आणि पेट्रोलियमची इंजिनं आली. त्यांचे जोडीदार होते यानोश चोंका, सेगेद गावच्या लोहाराचा मुलगा. चोंका यांच्याकडे पदवी नव्हती. पॅरिस, लंडनच्या कारखान्यांत काम शिकून ते परतले आणि तांत्रिक विद्यापीठाच्या कार्यशाळेचे प्रमुख झाले. म्हणजे पदवीधर इंजिनिअर कारखान्यात आणि कारखान्यात घडलेला कारागीर विद्यापीठात, अशी ती उलटी जोडी. दोघांनी मिळून बरीच इंजिनं केली, आणि ११ फेब्रुवारी १८९३ ला पेट्रोलियम इंजिनातल्या सुधारणांच्या पेटंटसाठी अर्ज केला. कार्बोरेटर त्यात होता.

त्याआधीची पद्धत समजून घेतल्याशिवाय या वस्तूचं मोल कळत नाही. तोवर इंजिनाला पेट्रोलची वाफ द्यायची तर टाकीतल्या पेट्रोलवरून, किंवा पेट्रोलमधून बुडबुडे काढत, हवा खेचायची. पेट्रोल हा एकजिनसी पदार्थ नाही. त्यातले हलके भाग आधी उडून जातात आणि जड भाग मागे राहतात. सकाळी भरलेल्या टाकीत संध्याकाळी उरतं ते वेगळंच द्रव असतं. थंडीत वाफ कमी बनते, दुपारी जास्त. टाकीतली पातळी उतरली की आणखी फरक. इंजिनाला मात्र मिश्रण ठरावीक लागतं. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा हवी. आकारमानात सांगायचं तर एक लिटर पेट्रोलला जवळजवळ नऊ हजार लिटर हवा. हे प्रमाण फार ढळलं तर ठिणगी पडूनही मिश्रण पेटत नाही.

बांकी आणि चोंका यांनी वाफेचा नाद सोडून थेट तुषार उडवले. फुलं विकणारी मुलगी नळीतून फुंकर मारून फुलांवर पाणी शिंपडताना दिसली आणि त्यावरून कल्पना सुचली, अशी आख्यायिका बुडापेस्टमध्ये सांगतात. आख्यायिका खरी असो वा नसो, फुंकरीच्या नळीतलं आणि कार्बोरेटरमधलं तत्त्व एकच आहे. हवेची वाट अरुंद केली की तिथे हवेचा वेग वाढतो आणि दाब उतरतो. त्या अरुंद गळ्यात बारीक भोकाची नळी, म्हणजे जेट, उभी केली की बाहेरच्या हवेचा दाब पेट्रोलला जेटमधून वर ढकलतो आणि वेगवान हवा त्याचा चुरा करते.

यातली खरी अडचण फवारा उडवण्याची नव्हती, पातळीची होती. जेटच्या तोंडापाशी पेट्रोल नेहमी एकाच उंचीवर हवं, कडेच्या एकदोन मिलिमीटर खाली. वर गेलं तर इंजिन बंद असतानाही ओघळणार, फार खाली गेलं तर सुरुवातीच्या क्षीण ओढीला वर येणारच नाही. यावर उपाय म्हणजे शेजारी एक छोटी वाटी, त्यात तरंगणारा फ्लोट, आणि फ्लोट वर आला की पेट्रोलची वाट बंद करणारी सुई. एका इंजिनासाठी केलेली ही रचना पुढे कोट्यवधी गाड्यांत गेली. महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या गॅरेजमध्ये बोलली जाणारी भाषा हीच आहे: फ्लोट, सुई, जेट. पेट्रोल ओव्हरफ्लो होतंय म्हटलं की मिस्त्री आधी सुईच्या बैठकीत कचरा अडकलाय का ते बघतो, मग फ्लोट काढून कानाशी हलवतो. आत पेट्रोल डुचमळलं तर फ्लोटला भोक पडलंय. तो जड होऊन बुडतो, सुई उघडीच राहते, पातळी चढते आणि प्लग काळा पडतो. उलट जेटमध्ये कचरा बसला तर मिश्रण पातळ होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं, आणि गाडी चढावर फटफट करत दम सोडते. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू झाले आणि नव्या दुचाकींमधून कार्बोरेटर जवळपास गेला. १८९३ पासून मोजलं तर सव्वाशे वर्षं भरतात.

श्रेयाचा वाद आहे, आणि तो प्रामाणिकपणे मांडायला हवा. जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांचा फवाऱ्याचा कार्बोरेटर त्याच १८९३ सालचा, काही महिन्यांनी मागचा. ब्रिटनमध्ये एडवर्ड बटलर यांनी त्याच्याही आधी फ्लोटची कल्पना वापरली होती. कोण पहिला यापेक्षा मला हे मोलाचं वाटतं की हंगेरीतली जोडी या प्रश्नापर्यंत स्वतःच्या वाटेने, एका ठिकाणी बसवलेल्या इंजिनावर काम करत पोचली होती.

साध्या कार्बोरेटरमध्ये एक दोष मात्र राहिलाच. ओढ मंद असताना पेट्रोलला जेटची कड आणि पृष्ठताण ओलांडावा लागतो, म्हणून मिश्रण पातळ होतं. ओढ वाढली की हवा विरळ होते, पेट्रोल विरळ होत नाही, म्हणून मिश्रण घट्ट होतं. पुढे आलेले जादा जेट, हवेची भोकं, सरकती सुई हे सगळे प्रकार या एका दोषावरचे उपाय आहेत.

१८९४ च्या सुमारास बांकी दुसऱ्या प्रश्नाकडे वळले. इंजिनात मिश्रण जितकं जास्त दाबाल तितकी जळणातून जास्त कामाची शक्ती मिळते, हे गणित त्यांना पाठ होतं. पण जास्त दाबलं की मिश्रण तापून ठिणगीआधीच पेटतं, इंजिन ठोके देतं, पिस्टन आणि बेअरिंगं मार खातात. बांकी यांनी पेट्रोलच्या जेटबरोबर पाण्याचाही एक जेट बसवला. पाण्याची वाफ व्हायला किलोमागे सुमारे २,२५० किलोज्यूल उष्णता लागते. पेट्रोलला लागणाऱ्या उष्णतेच्या ती सहापट भरते. तुषार रूपात आत आलेलं पाणी दाबाच्या काळात बाष्प होताना मिश्रण थंड ठेवतं, आणि दाब वाढवता येतो. कल्पना अचूक होती, रोजच्या वापरात मात्र जड गेली. पाण्यातले क्षार आत पापुद्रे धरतात, हिवाळ्यात नळी गोठते, तेलात पाणी मिसळून ते दुधी होतं, इंजिन बंद करण्याआधी पाणी तोडायला विसरलं तर सिलिंडर गंजतो. त्यातच १८९७ मध्ये रुडॉल्फ डिझेल यांच्या इंजिनाने चाचणीत २६.२ टक्के कार्यक्षमता दाखवली. त्यात नुसती हवा दाबायची असल्यामुळे अकाली पेटण्याचा प्रश्नच नव्हता. बांकी इंजिन मागे पडलं. पाणी मारण्याची युक्ती मात्र दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांच्या इंजिनांत पुन्हा दिसली.

इथे, चाळिशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी कारखाना सोडला.

विद्यापीठात त्यांच्याकडे आलेले विषय होते जलशास्त्र, पाण्याची यंत्रं, पंप, कॉम्प्रेसर, वाफेची टर्बाइन. वरवर पाहता हा इंजिनांपासून दूर जाण्याचा रस्ता. पण कार्बोरेटर काय होता? अरुंद वाटेतून वेगाने जाणारं एक वायुरूप, त्याने ओढून घेतलेलं एक द्रव. टर्बाइन काय असते? अरुंद तोंडातून सुटलेलं द्रव, त्याने ढकललेलं पातं. दाब, वेग आणि उंची एकमेकांत कशी बदलतात हाच दोन्हीकडचा मजकूर. १९१६ मध्ये आलेल्या त्यांच्या ग्रंथाचं नावच ‘द्रवांमधील ऊर्जारूपांतरं’ अशा अर्थाचं आहे. १९२१ मध्ये त्याचा जर्मन अनुवाद बर्लिनला निघाला. जलयंत्रं, कॉम्प्रेसर, वाफेची टर्बाइन आणि विमानं, ही सगळी एका पुस्तकात, एका सूत्राने ओवलेली. सतरा वर्षं सुटी सुटी यंत्रं दुरुस्त करणाऱ्या माणसाला वर्गात उभं राहिल्यावर त्या सगळ्यांच्या मुळाशी असलेलं एक कारण सांगावं लागलं, आणि पुस्तक त्या गरजेतून आलं असं मी मानतो.

त्यांच्या हाताखाली १९०३ ते १९०६ या काळात एक तरुण सहायक होता, थिओडोर फॉन कार्मान. तो पुढे ग्योटिंगेनला हवा आणि पाण्याच्या प्रवाहांचे शास्त्रज्ञ लुडविग प्रांड्ट्ल यांच्याकडे गेला, खांब दाबाखाली वाकून मोडण्याच्या प्रश्नावर १९०८ मध्ये डॉक्टरेट मिळवली, आखेनला आणि मग कॅलिफोर्नियाला हवाई विज्ञानाच्या संस्था सांभाळल्या. याच प्रांड्ट्ल यांच्याकडे १९३० च्या दशकात कोल्हापूरकडचे विष्णू माधव घाटगे शिकले. परत येऊन त्यांनी बंगळूरला विमानविद्या शिकवली आणि एचटी-२ हे विमान घडवलं. त्याचं पहिलं उड्डाण ५ ऑगस्ट १९५१ चं. कार्मान आणि घाटगे गुरुबंधू लागतात.

आता ती टर्बाइन.

एक पिंप आडवं धरा, पण त्याच्या भिंतीच्या जागी दोन टोकांच्या गोल चकत्यांत बसवलेल्या वाकड्या, लांबट पट्ट्या, म्हणजे पाती, आणि मधोमध पोकळी. खारीच्या पिंजऱ्यासारखं चाक. वरून आयताकृती तोंडाच्या नोझलमधून पाण्याची चपटी धार येते, चाकाच्या पूर्ण रुंदीवर पसरलेली. ती पात्यांना ढकलून आतल्या पोकळीत शिरते, पोकळी ओलांडते, समोरच्या बाजूच्या पात्यांवर आतून बाहेर आदळते आणि खाली पडते. तेच पाणी एका फेरीत दोनदा काम करतं. पहिल्या वेळी साधारण ७२ टक्के, दुसऱ्या वेळी २८ टक्के. ऑस्ट्रेलियातले अँथनी मिचेल यांनी १९०३ मध्ये अशाच चाकाचं पेटंट घेतलं होतं. बांकी यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात आपल्या वाटेने त्याचा सिद्धांत बांधला आणि पेटंट घेतलं. जर्मनीत ओसबर्गर यांनी पुढे त्याचा धंदा केला. म्हणून काही जण त्याला तिघांच्या नावाने ओळखतात, काही नुसतं क्रॉसफ्लो म्हणतात.

बांकी यांच्या मांडणीतलं सौंदर्य फळ्यावर दिसतं. धार चाकाच्या स्पर्शरेषेशी जो कोन करते तो जितका लहान तितकं चांगलं, पण फार लहान केला तर नोझल बनवता येत नाही. म्हणून १६ अंश. चाकाच्या कडेचा वेग धारेच्या वेगाच्या अर्ध्याहून किंचित कमी ठेवला की सगळ्यात जास्त काम मिळतं. मग पात्याचा बाहेरचा कोन आपोआप ठरतो, त्याची टॅन किंमत १६ अंशांच्या टॅन किमतीच्या दुप्पट, म्हणजे कोन जवळपास ३० अंश. आतल्या कडेला पातं सरळ केंद्राकडे, ९० अंशांत. आतला व्यास बाहेरच्याच्या ०.६६ पट. पात्याच्या वाकाची त्रिज्या बाहेरच्या व्यासाच्या ०.१६३ पट. वाकाचा कोन ७३ अंश २८ मिनिटं. नोझलच्या धारेची जाडी व्यासाच्या साडेसात ते दहा टक्के. घर्षणाचे नेहमीचे गुणक धरून जास्तीत जास्त कार्यक्षमता निघते ८७.८ टक्के.

प्रत्येक माप एकाच व्यासाच्या पटीत! मोठ्या टर्बाइनचं पातं दोन दिशांनी पिळलेलं असतं, ते ओतावं लागतं, त्याचा नमुना कारखान्याच्या मालकीचा असतो. बांकी टर्बाइनचं पातं हा पाइपाचा तुकडा आहे. व्यास ठरला की बाकी सगळं विद्यार्थी वहीत काढू शकतो, आणि वहीतलं गावातला वेल्डर करू शकतो. हे शिक्षकाचं यंत्र आहे.

उदाहरण घेऊ. पाणी १० मीटर उंचीवरून येतं आणि सेकंदाला ५० लिटर मिळतं. ही दोन मापं चुकली तर पुढचं सगळं चुकतं. उंची मोजायला गवंडी वापरतात ती पारदर्शक पाणनळी पुरते. टप्प्याटप्प्याने, दोनदा मोजावी. प्रवाह मात्र पिंप भरून मोजता येणार नाही, कारण २०० लिटरचं पिंप ४ सेकंदांत भरतं आणि घड्याळ दाबण्यातच चूक होते. त्यासाठी ओढ्यात खाच पाडलेली फळी बसवून पाण्याची जाडी मोजावी. मोजायचं वर्षातल्या सगळ्यात कोरड्या महिन्यात. पूर असताना मोजलेल्या पाण्यावर यंत्र घेणं ही सगळ्यात महाग चूक आहे. आणि दाबनळातलं, म्हणजे पाणी यंत्रापर्यंत आणणाऱ्या नळातलं, घर्षण वजा करून उरलेली उंचीच नोझलला कामाला येते; इथे ती १० मीटर उरली असं धरू.

धारेचा वेग येतो सेकंदाला १३.७ मीटर. चाकाच्या कडेचा वेग ६.६ मीटर. आता व्यास आधी ठरवण्याऐवजी बाजारात मिळणारा पाइप आधी बघावा. चार इंची पाइपाचा बाहेरचा व्यास ११४.३ मिलिमीटर, जाडी साडेचार धरली तर मधली त्रिज्या ५५ मिलिमीटर. तिला ०.१६३ ने भागलं की चाकाचा व्यास मिळतो, ३३७ मिलिमीटर. फेरे मिनिटाला सुमारे ३७५. धारेची जाडी २९ मिलिमीटर ठेवली तर ५० लिटरसाठी नोझलची रुंदी १२५ मिलिमीटर. पाण्यात एकूण ४.९ किलोवॉट, आणि गावच्या कार्यशाळेत बनलेल्या चाकाची कार्यक्षमता ६५ टक्के धरली तर दांड्यावर ३.२ किलोवॉट. जनरेटर १५०० फेऱ्यांचा असेल तर पट्ट्याने चारास एक.

पाती २४. पाइपाच्या बाहेरून मोजलं तर एका पात्याची पट्टी ७३ मिलिमीटर रुंद. पाइपाचा घेर ३५९, म्हणजे एका वेढ्यात चार पाती आणि थोडी चिंधी. चकत्यांच्या खाचांतून आरपार जाणारी पाती धरली तर लांबी १५० मिलिमीटर, सहा तुकडे, करवतीची झीज वगळता ९०० मिलिमीटर. एका मीटर पाइपात पात्यांचं काम भागतं. पाइपाची शिवण चिंधीत जाईल अशी आखणी करावी. वेल्डिंग करून बनवलेल्या पाइपात ताण दडलेला असतो आणि कापल्यावर पट्टी किंचित उघडते, म्हणून प्रत्येक पातं पत्र्याच्या साच्याला लावून बघावं.

सगळ्यात जास्त नुकसान जोडणीच्या क्रमात होतं. एका बाजूने ओळीने वेल्ड करत गेलं की चकती तापून बशीसारखी वाकते. आधी सगळी पाती दोन्ही चकत्यांना नुसती टाका मारून धरायची, मग समोरासमोरची पाती आलटून पालटून जोडायची, मध्ये थंड होऊ द्यायचं. बाहेरचा व्यास लेथवर घ्यायचा तो जोडकाम झाल्यावर, दांड्यावर बसवून. आधी घेतला तर चाक हेलकावे खातं. त्यानंतर दोन सपाट पट्ट्यांवर दांडा ठेवून तोल बघायचा, जड बाजू खाली येईल तिथून धातू काढायचा.

हे जोड इतके जपायचे कारण हिशेबात आहे. प्रत्येक पात्यावर एका फेरीत दोनदा भार येतो, एकदा बाहेरून, एकदा आतून. मिनिटाला ३७५ फेरे म्हणजे ७५० भार, दिवसाला दहा लाखांवर. धातू थकतो तो इथे, पातं आणि चकतीच्या सांध्यात, बारीक केसासारख्या चिरेपासून. पातं हे दोन टोकांना धरलेली तुळई आहे; रुंदी दुप्पट केली तर सांध्यावरचा ताण चौपट. म्हणून रुंद चाकात मधे आणखी एक चकती घालतात. पहिल्या काही आठवड्यांत चाक उघडून प्रत्येक सांधा तपासणारा माणूस पुढची वर्षं वाचवतो.

बाकीचे घोटाळे लहान, पण नेहमीचे. दांडा चाकाच्या मधून आरपार गेला तर पोकळी ओलांडणारी धार त्यावर आपटते, म्हणून तो शक्य तितका बारीक ठेवतात किंवा दोन टोकांना आखूड दांडे लावतात. नोझल आणि चाक यांत फट दोनेक मिलिमीटर हवी. जास्त झाली तर पाणी बाजूने निसटतं, कमी झाली तर चाक घासतं. पाला फारसा त्रास देत नाही, कारण आत जाताना पात्यांच्या कडेला चिकटलेलं पान अर्ध्या फेरीनंतर बाहेर येणाऱ्या पाण्यानेच सुटून जातं. काटकी मात्र फटीत अडकून पातं वाकवते, तेव्हा कचरा-जाळीची फट २० मिलिमीटरच्या आत असावी. बेअरिंग चाकाला खेटून बसवलं की सीलमधून आलेलं पाणी ग्रीस धुऊन नेतं. मध्ये एक मोकळी जागा आणि पाणी उडवून लावणारी कडी ठेवली की बेअरिंग टिकतं. आणि भार अचानक सुटला तर चाक १.८ पट पळतं. १५०० चा जनरेटर २७०० वर जातो. त्याची तयारी नसेल तर गुंडाळी बाहेर फेकली जाते. म्हणून लोड कंट्रोलर लावतात. न वापरलेली वीज तो पाण्यात बुडवलेल्या हीटरला देतो.

एक गुण असा आहे की मोठ्या टर्बाइननाही हेवा वाटावा. चाकाची रुंदी एकास दोन अशी विभागून दोन झडपा लावल्या, तर पाणी तिसऱ्या हिश्शावर आलं की लहान भाग, दोन तृतीयांशावर मोठा भाग, पूर्ण असलं की दोन्ही. कमी पाण्यातही कार्यक्षमता फारशी ढळत नाही. मोठ्या वीजकेंद्रांतली फ्रान्सिस टर्बाइन पूर्ण प्रवाहात नव्वद टक्क्यांवर जाते, पण अर्ध्याखाली तिची घसरण सुरू होते. डोंगरातल्या ओढ्याचं पाणी वर्षभर सारखं नसतं, आणि तिथे हा फरक जेवणाइतका खरा असतो.

पहिल्या महायुद्धातल्या पराभवानंतर झालेल्या ४ जून १९२० च्या त्रियानोन तहानंतर हंगेरीकडे पूर्वीच्या भूमीचा सुमारे एक तृतीयांश भाग उरला. कार्पेथियन डोंगर आणि त्यांतले उंचावरून पडणारे झरे बहुतेक सीमेपलीकडे गेले. उरलं ते सपाट मैदान. डोंगरी ओढ्यांना शोभेल असं यंत्र घडवणाऱ्या प्राध्यापकाच्या देशात डोंगरी ओढेच फारसे राहिले नाहीत. दोन वर्षांनी ते गेले. आज बुडापेस्टच्या ओबुदा विद्यापीठातली यंत्र अभियांत्रिकीची शाखा त्यांच्या नावाने चालते.

यंत्र मात्र कागदावर होतं आणि कागद प्रवास करतो. १९४९ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट कॉलेजातल्या दोघा अध्यापकांनी बांकी यांच्या लेखनाचा मुक्त अनुवाद करून एक पत्रिका काढली. सोबत स्वतः बनवलेल्या चाकाच्या चाचण्या दिल्या: १६ फूट उंची, २० पाती, ६८ टक्के कार्यक्षमता. पुढे स्विस तंत्रज्ञांच्या मदतीने काठमांडूच्या बालाजू यंत्रशाळेत ही चाकं बनू लागली. नेपाळच्या डोंगरात ती भात कांडायला, मोहरीचं तेल गाळायला, पीठ दळायला लागली. अनेक ठिकाणी दिवसा गिरणी आणि अंधार पडल्यावर त्याच दांड्यावर जनरेटर. त्या कार्यशाळांतल्या पात्यांचा साचा पत्र्याचा असतो, आणि त्याचा वाक आखलेला असतो ७३ अंशांच्या किंचित वर.